आवाज कुठे अडला?

वाचकहो, शेतात दारे धरताना एखादा वाफा कोरडा राहिला, तर आपण काय करतो? वाफ्यात उभे राहून वाफ्यालाच बोल लावतो काय? नाही. आपण पाटाच्या कडेने उलटे चालू लागतो. पाट कुठे फुटला, माती कुठे ढासळली, ते पाहत पाहत विहिरीपर्यंत जातो. जिथे पाणी अडले तिथेच फावडे घालतो.

घरातले गाण्याचे यंत्र बिघडले म्हणजे मात्र आपण ही शहाणी रीत विसरतो. यंत्राला थापट मारतो. सगळी बटणे एकदम फिरवतो. नाहीतर ते पोत्यात घालून मिस्त्रीकडे नेतो आणि म्हणतो, "बघा हो, आवाज येत नाही." बिघाड कुठे आहे, हे त्यालाही ठाऊक नसते अन् आपल्यालाही!

आम्हीही हेच केले होते. त्यात आमचे जे नुकसान झाले ते पैशाने भरून येणारे नव्हते. म्हणून आधी ती हकिगत सांगतो.

आमच्या घरी काय घडले

आम्ही खुलताबादचे. १९९२ साली आम्ही घरात टेपचे यंत्र आणि दोन बॉक्स घेतले. १९९४ साली धाकट्या बहिणीचे लग्न निघाले. हळद दळताना आमची आई जात्यावर ओव्या म्हणत होती. शेजाऱ्यांचा टेप मागून आणून आम्ही त्या ओव्या कॅसेटवर भरून घेतल्या. आईला ते ठाऊकही नव्हते. म्हणून तिचा आवाज अगदी मोकळा आला. मागे जात्याची घरघर आहे, मध्येच ती कुणाला तरी "पाट सरकव गं" असे म्हणते, तेही आले.

२००९ साली आई गेली. पुढच्या साली तिच्या वर्षश्राद्धाला बहिणी आल्या. म्हणाल्या, "दादा, आईच्या ओव्या लाव ना." दोन वर्षे यंत्राला कुणी हात लावला नव्हता. लावून पाहिले, तर डावा बॉक्स मुका. आम्ही कॅसेट काढली, पुन्हा घातली. पुन्हा काढली, पुन्हा घातली. असे दहा वेळा झाले असेल. शेवटी यंत्राने फीत ओढून आत गुंडाळली. घाईघाईने ती बाहेर ओढली, तेव्हा हातभर फीत चुरगळून गेली होती.

त्या जागी आता आईची एक ओवी अर्धीच ऐकू येते.

पुढे तो डावा बॉक्स आम्ही एका मिस्त्रीकडे दिला. त्याने आतला स्पीकर बदलला. पैसे घेतले. घरी आणून लावला, तर बॉक्स तसाच मुका! मिस्त्रीची यात चूक नव्हती. आम्ही त्याला नुसता बॉक्स दिला, बाकी काही सांगितले नाही. बिघाड बॉक्सात नव्हताच. तो कुठे होता, हे पुढे येईल.

आवाजाची वाट

बिघाड शोधायचा, तर आधी आवाजाची वाट ठाऊक पाहिजे. ती अशी आहे.

कॅसेटमधल्या फितीवर तांबूस-तपकिरी रंगाची बारीक भुकटी बसवलेली असते. ती लोखंडाच्या गंजासारखी असते. आवाज त्या भुकटीत चुंबकाच्या खुणांनी लिहिलेला असतो. यंत्रात एक लहान चकचकीत तुकडा असतो, त्याला हेड म्हणतात. फीत हेडवरून सरकते तेव्हा हेड त्या खुणा वाचते. आपण बोटाने ओळ वाचतो ना, तसेच. वाचल्यावर विजेची अगदी क्षीण धार तयार होते.

एवढ्याशा धारेने बॉक्स वाजत नाही. म्हणून ती ॲम्प्लिफायरमध्ये जाते. आपल्याकडे त्याला नुसते 'मशीन' म्हणतात. मशीन त्या धारेला जोर देते. मग ती वायरीने बॉक्सात जाते. बॉक्सात कागदाचा एक पडदा असतो. तो धारेबरोबर मागेपुढे थरथरतो, हवा हलते आणि आपल्या कानी आवाज पडतो.

म्हणजे टेप ही विहीर, मशीन ही मोटर, वायर हा पाट आणि बॉक्स हा वाफा. एवढे ध्यानात ठेवले की अर्धे काम झाले.

आता बॉक्स दोन का? आपल्याला कान दोन आहेत म्हणून. भजनात पखवाज एकीकडे असतो, टाळ दुसरीकडे. डोळे मिटले तरी आपल्याला ते कळते. दोन बॉक्सांतून थोडा वेगवेगळा आवाज सोडला, की गाणे समोर बसून ऐकल्यासारखे वाटते. याला स्टीरिओ म्हणतात. विलायतेतील ॲलन ब्लमलाइन या इंजिनिअराने १९३१ साली या युक्तीचे पेटंट मागितले. आपली ओळखीची कॅसेट हॉलंड देशातील फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढली.

स्टीरिओ म्हणजे बैलांची जोडीच म्हणा. आणि जोडी आहे, हाच बिघाड शोधण्याचा मोठा आधार आहे. तो कसा, ते आता पाहू.

पहिला नियम: मोलाची कॅसेट आधी बाजूला ठेवा

तपासणीसाठी जुनीपानी, गेली तरी चालेल अशी कॅसेट घ्यावी. यंत्रात रेडिओ असेल तर आणखी चांगले. आम्ही एवढा एक नियम पाळला असता, तर आईची ओवी अखंड राहिली असती.

दुसरा नियम: सोपे आधी पाहा

यंत्राचा दिवा लागतो का? लागत नसेल, तर त्याच बोर्डावर दुसरे काही लावून पाहा. दुसरेही चालले नाही, तर खोट यंत्रात नाही, बोर्डात किंवा लाइनीत आहे.

बोर्ड चांगला आणि दिवा मात्र लागत नाही, असे असेल तर फ्यूज पाहावा. पुष्कळ यंत्रांच्या पाठीमागे काचेची लहान नळी असते. तिच्यात बारीक तार असते. तोच फ्यूज. आधी पिन बोर्डातून काढावी, मगच फ्यूजला हात लावावा. आतली तार तुटलेली किंवा काच काळवंडलेली दिसली, तर फ्यूज उडाला. त्याच्या टोपीवर आकडा असतो, जसे १ अँपिअर. त्याच आकड्याचा नवा फ्यूज घालावा.

इथे एक चूक फार जण करतात. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळतात. बाबांनो, असे कधी करू नका. फ्यूज हा घरचा राखणदार आहे. जास्त वीज आली की तो स्वतः मरतो आणि यंत्राला वाचवतो. तांब्याची तार मरत नाही. तिच्या जागी यंत्र जळते, प्रसंगी घर पेटते. नवा फ्यूज घातला आणि तोही लगेच उडाला, तर तिसरा घालू नये. आत मोठा बिघाड आहे असे समजावे.

दिवा लागतो, पण आवाज नाही, असे असेल तर बटणे पाहा. आवाजाचे बटण खाली आहे काय? बटण टेपवर आहे की रेडिओवर? 'बॅलन्स' नावाचे एक बटण असते. ते एका बाजूला पूर्ण फिरले, तर दुसरा बॉक्स मुका होतो. घरात लहान मुले असली की हे फार वेळा होते! ते बटण मधोमध ठेवावे.

तिसरा नियम: जोडीची अदलाबदल करा

समजा, गाडीचा डावा बैल ओढत नाही. खोट बैलात आहे की जुवात, हे कसे कळेल? बैलांची जागा बदलून पाहायची. तोच बैल उजवीकडे गेला तरी ओढत नाही, तर खोट बैलात. तो नीट ओढू लागला आणि डावीकडे आलेला दुसरा बैल अडला, तर खोट जुवात. यंत्राचेही असेच करायचे.

मशीनच्या पाठीवर दोन इंग्रजी अक्षरे असतात. एक उभी रेघ आणि तिच्या पायाशी उजवीकडे जाणारी आडवी रेघ, हे 'एल' अक्षर. एल म्हणजे डावी बाजू. दुसरे 'आर', म्हणजे उजवी बाजू. ही दोन अक्षरे ओळखता आली तरी पुरे.

आता समजा, डावा बॉक्स मुका आहे. यंत्र बंद करा. पिन बोर्डातून काढा. डाव्या बॉक्सची वायर मशीनच्या उजव्या बाजूला लावा आणि उजव्या बॉक्सची डाव्या बाजूला. वायरीचे तांब्याचे केस एकमेकांना चिकटू देऊ नका. ते चिकटले तर मशीन जळू शकते. नंतर यंत्र चालू करा. आवाज हळू ठेवा आणि कान द्या.

आधी मुका होता तोच बॉक्स अजून मुका राहिला, तर खोट त्या बॉक्सात किंवा त्याच्या वायरीत आहे. मशीन चांगले आहे.

मुका बॉक्स बोलू लागला आणि आधी बोलणारा गप्प झाला, तर दोन्ही बॉक्स चांगले आहेत. खोट मशीनमध्ये किंवा त्याच्या मागे टेपमध्ये आहे.

पाहा, एका अदलाबदलीने निम्मी वाट तपासून झाली! एक पैसा लागला नाही.

खोट बॉक्सात की वायरीत, हे ठरवायला पुन्हा तेच करावे. यंत्र बंद करून चांगल्या बॉक्सची वायर मुक्या बॉक्सला लावावी. तो वाजला, तर वायर खराब. तरीही मुका राहिला, तर बॉक्स खराब. याला आणखी एक सोपी कसोटी आहे. बॉक्सची वायर मशीनपासून सोडवावी आणि तिची दोन टोके बॅटरीच्या दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवावी. बॉक्सातून 'टक्' असा आवाज आला, तर वायर आणि बॉक्स दोन्ही ठीक. टोके धरून मात्र ठेवू नयेत.

खोट मशीनमध्ये की टेपमध्ये, हे रेडिओ सांगतो. रेडिओ दोन्ही बॉक्सांतून वाजतो आणि टेप एकातूनच, तर खोट टेपमध्ये. रेडिओही एकातूनच वाजतो, तर खोट मशीनमध्ये. टेप वेगळा असून दोन रंगीत पिनांनी मशीनला जोडलेला असेल, तर यंत्र बंद करून त्या पिनांची अदलाबदल करावी. मुकेपणा दुसऱ्या बॉक्सात गेला, तर खोट टेपमध्ये किंवा त्याच्या वायरीत. मुकेपणा जागचा हलला नाही, तर मशीनमध्ये.

एक गोष्ट मात्र पाळावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने सुधारले आणि कशाने बिघडले, ते कळत नाही.

आमच्या घरी शेवटी हेच केले. डावा बॉक्स उजवीकडे लावला, तरी मुका. मग वायर बदलली आणि बॉक्स बोलू लागला! खाटेमागे, ट्रंकेच्या आड, उंदराने वायर कुरतडली होती. खर्च केवढा? चार हात वायर. आणि आम्ही मात्र चांगला स्पीकर काढून नवा बसवून आणला होता.

आवाज येतो, पण नीट येत नाही

बटण फिरवताना खरखर होत असेल, तर बटणाच्या आत धूळ गेली आहे. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला माणसांची रीघ लागते. तेव्हा गावात धुरळा उडतो तो यंत्रातही बसतो. यंत्र बंद करून ते बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावे. पुष्कळदा खरखर जाते. आत खोबरेल किंवा रॉकेल घालू नये. त्याने धूळ उलट चिकटून बसते.

सतत 'घुंऽऽ' असा आवाज येत असेल, तर टेपपासून मशीनपर्यंतची पिन सैल आहे काय ते पाहावे. पिन नीट बसवूनही घुंकार राहिला, तर काम मिस्त्रीचे.

गाणे विहिरीतून आल्यासारखे दबलेले वाटत असेल, तर हेडवर मळ बसला आहे. यंत्र बंद करावे आणि पिन काढावी. औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. काडीला कापूस गुंडाळून, त्यात थोडासा भिजवून हेड हलक्या हाताने पुसावे. हे पेट घेते, म्हणून जवळ चूल, बिडी, उदबत्ती नको. हेडशेजारी रबराचे लहान चाक असते. ते पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसावे. हेच चाक चिकट झाले की फीत गुंडाळून घेते. आमच्या घरी तेच झाले. पुसलेले सगळे वाळल्यावरच कॅसेट घालावी.

फीत अडकलीच, तर ओढू नये. पिन काढून, कॅसेट थोडी उचलून, फीत बोटाने हळूहळू सोडवावी. मग कॅसेटच्या दातेरी भोकात पेन्सिल घालून ती फिरवावी. फीत आत जाते.

दोन्ही बॉक्स वाजतात, पण गाणे पोकळ वाटते, ढोलकीचा ठेका जाणवत नाही, असे झाले तर वायरी पाहाव्या. बॉक्सलाही लाल-काळे टोक असते आणि मशीनलाही. लालला लाल, काळ्याला काळे पाहिजे. एका बॉक्सची वायर उलटी लागली, तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. दोघे एकमेकांचा ठेका खातात.

हात कुठे आवरावा

आता सगळ्यांत महत्त्वाचे सांगतो. वायर, पिन, फ्यूज, बटणे आणि पुसापुशी, हे आपले काम. यंत्राचे झाकण उघडणे, हे आपले काम नव्हे.

घरच्या लाइनीत २३० व्होल्टची वीज असते. ती माणसाला ठार करू शकते. पिन काढली म्हणजे भय गेले असेही नाही. यंत्राच्या आत कंडेन्सर नावाचे डबे असतात. ते वीज साठवून ठेवतात. पिन काढल्यावरही काही वेळ ती आत असते. मिस्त्रीला ती काढून टाकण्याची रीत ठाऊक असते, आपल्याला नसते.

ओल्या हाताने पिन लावू वा काढू नये. जळका वास आला, तर बोर्डाचे बटण बंद करून पिन काढावी. चालू यंत्रावर पाणी ओतू नये. आकाशात ढग जमू लागले, की वीज चमकण्याआधीच पिन काढून ठेवावी.

मिस्त्रीला चिठ्ठी द्या

आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा इथे मोठा उपयोग आहे. यंत्र मिस्त्रीकडे पाठवताना बरोबर चिठ्ठी द्यावी. अशी:

"दिवा लागतो. रेडिओ लावला तरी डाव्या बाजूने आवाज नाही. बॉक्स अदलून पाहिले. दोन्ही बॉक्स आणि वायरी चांगल्या आहेत. बिघाड आठ दिवसांपासून आहे. जळका वास आला नाही."

एवढ्या सहा ओळींनी मिस्त्रीचा वेळ वाचतो आणि आपले पैसे वाचतात. चांगली वस्तू बदलली जात नाही. आमच्या आळीतले एक शेतकरी अशी चिठ्ठी घेऊन गेले. मिस्त्री त्यांना म्हणाला, "काका, निम्मं काम तर तुम्हीच करून आणलं की!"

आणि एक शेवटचे

यंत्र दुरुस्त होते, नवेही मिळते. गेलेल्या माणसाचा आवाज मात्र एकदाच भरलेला असतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतील बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यात वर्षानुवर्षे घालवली. त्यांच्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. गावोगावच्या बायांच्या आवाजातही पुष्कळ ओव्या भरून ठेवल्या आहेत. आपल्या घरातली ओवी तर आपणच राखायची आहे.

तुमच्या घरी अशी कॅसेट असेल, तर ती उन्हात, चुलीजवळ किंवा स्पीकरला टेकून ठेवू नका. स्पीकरमध्ये चुंबक असतो, तो फितीवरच्या खुणा पुसट करतो. चांगल्या यंत्रावर लावून तिची प्रत संगणकावर किंवा मोबाइलवर करून घ्या. शहरात हे काम करून देणारे आहेत. एक प्रत आपल्याकडे, एक बहिणीकडे, एक मुलाकडे ठेवा.

आम्ही तसे केले. आता आईच्या ओव्या तीन घरांत आहेत. जिथे फीत चुरगळली, तिथे मात्र तिन्ही घरांत तीच ओवी मध्येच तुटते. बहिणी ऐकताना ती आपल्या तोंडाने पुरी करतात.